पाटीशेजारचा तो तरुण कोण? (आणि चित्र काढलं कुणी?)

निळीशाई

मंडळी, एक चित्र गेले दोन महिने डोक्यातून जात नाहीये. घरच्यांनी आता ऐकून घेणं बंद केलंय, म्हणून हा धागा.

नेपल्सला कापोदिमोन्तेच्या टेकडीवर जुन्या राजवाड्यात संग्रहालय आहे. मी गेले होते तित्सियानने काढलेला पोप तिसरा पॉल आणि त्याचे नातू बघायला. तो बघून झाला, पायांचे तुकडे पडले, आता निघायचं म्हणून दालनं ओलांडत होते आणि या चित्राशी अडकले.

मधोमध एक फ्रान्सिस्कन साधू. झग्याची टोपी डोक्यावर, कमरेला गाठी मारलेला दोर. उजव्या हातातली कांडी पाटीवरच्या आकृतीवर टेकलेली, डावा हात उघड्या पुस्तकावर. पाटीच्या चौकटीवर 'युक्लिडेस', म्हणजे युक्लिड, असं लिहिलंय. टेबलावर हिरवं कापड, त्यावर खडू, स्पंज, कंपास. एका बाजूला लाल बांधणीचा जाडजूड ग्रंथ आणि त्यावर पेपरवेटसारखी ठेवलेली बारा पंचकोनांची घनाकृती. दुसऱ्या बाजूला वरून दोऱ्याने टांगलेली काचेची घनाकृती, १८ चौरस आणि ८ त्रिकोण मिळून २६ पृष्ठांची. ती निम्मी पाण्याने भरलेली आहे! आणि साधूच्या मागे, जरा बाजूला, फरची किनार असलेला अंगरखा घातलेला एक देखणा तरुण. हातात हातमोजे. साधूची नजर कुठेतरी हवेत, त्याच्या सिद्धांतात. तरुण मात्र थेट आपल्याकडे बघतो. वर्गात मास्तर फळ्याकडे वळले की मागच्या बाकावरचा बघतो तसा.

साधू कोण यावर वाद नाही. तो लूका पाचोली. सानसेपोल्क्रो गावचा, गणिताचा शिक्षक. १४९४ मध्ये व्हेनिसला त्याचा 'सुम्मा' हा अंकगणित-भूमितीचा भलामोठा ग्रंथ छापला गेला. त्यातल्या जमाखर्चाच्या भागामुळे जगभरचे हिशोबनीस त्याला अजून मानतात. चित्रातल्या लाल ग्रंथावरची अक्षरंही 'बोर्गोच्या पूज्य लूकाचा ग्रंथ' अशी लावतात. बोर्गो म्हणजे त्याचं गावच.

वाद उरलेल्या दोघांवर. तरुण कोण? आणि चित्रकार कोण?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खरं तर चित्रातच आहे. टेबलावर एक चिठ्ठी रंगवलीय. तिच्यावर 'याको. बार. विगेन्निस. पी. १४९५' असं लिहिलंय आणि वर एक माशी बसलीय. म्हणजे १४९५ साली कुणा 'याको बार'ने हे रंगवलं. याकोपो दे बार्बारी नावाचा व्हेनिसचा चित्रकार प्रसिद्ध आहे, १५०० सालचा व्हेनिस शहराचा प्रचंड लाकडी ठशांचा नकाशा त्याचाच. मग प्रश्न मिटला ना?

नाही मिटला. 'विगेन्निस' हे लॅटिन 'विसेन्निस'चं रूप धरलं तर अर्थ 'वीस वर्षांचा'. बार्बारी १४९५ मध्ये वीस वर्षांचा असणं जड जातं. १५१२ च्या सुमारास नेदरलँड्सची कारभारीण मार्गारेट हिने त्याला म्हातारपण आणि अशक्तपणा ही कारणं देऊन पेन्शन बांधून दिली. वीसच्या हिशोबाने तो तेव्हा ३७ चा होतो. सदतिसाव्या वर्षी म्हातारपणाची पेन्शन? आमच्या ऑफिसात अर्ज करून बघते.

तुम्हाला काय वाटतं?

---

रोजमेळ

ताई, धागा उघडला तो पाचोलीचं नाव बघून. सीएची आर्टिकलशिप करताना आमचे सर म्हणायचे, 'या बाबाने तुमच्या नोकरीची सोय केली, रोज नमस्कार करा.' त्याने तीन वह्या सांगितल्या: कच्ची नोंदवही, मग किर्द, मग खतावणी. आजोबांच्या दुकानात साठीच्या दशकापर्यंत हेच चालायचं, फक्त वहीला लाल कापड असायचं.

चित्रातलं कळत नाही, पण चिठ्ठीबद्दल एक धंद्याची गोष्ट. व्हाउचरवर सही आहे म्हणून आम्ही ते पास करत नाही. सही करणारा कोण, त्याची नमुना सही कुठे आहे, आणि तारीख बाकी कागदांशी जुळते का, हे बघतो. इथे नमुना सही आहे का?

---

कॅनव्हासवाली

@रोजमेळ, नेमका मुद्दा. नमुना आहे आणि तो जुळत नाही. बार्बारीची खूण म्हणजे दोन साप गुंडाळलेला दंड, कॅड्युसिअस. त्याच्या छापचित्रांवर तो असतो. म्युनिकला त्याचं १५०४ चं छोटं चित्र आहे: भिंतीला टांगलेला मेलेला तितर आणि लोखंडी हातमोजे. त्यातही दुमडलेली चिठ्ठी रंगवलीय, त्यावर नाव, साल आणि तो दंड. नेपल्सच्या चिठ्ठीवर दंड नाही, आणि नावही अर्धंच तोडलेलं.

आता हातवळण. म्युनिकचं चित्र मऊ आहे, पिसं हाताला लागतील अशी. पाचोलीचं चित्र कडक, जणू पट्टी घेऊन काढलेलं. साधूचा चेहरा, झग्याच्या घड्या, सगळं घडवल्यासारखं. हा हात त्या हाताचा मला वाटत नाही. अर्थात १५०० च्या आधीच्या बार्बारीबद्दल आपल्या हाती फारच थोडं आहे, त्यामुळे 'तरुणपणी तो असा काढायचा' असं कुणी म्हटलं तर ठामपणे खोडताही येत नाही. ही पळवाट मला फार छळते.

---

चहाटळ

माशीने काढलंय. सही करून वर बसलीय.

(कृ. ह. घ्या.)

---

कॅनव्हासवाली

@चहाटळ, हसण्यावारी नेऊ नका, माशी महत्त्वाची आहे. पंधराव्या शतकात चित्रकार मुद्दाम माशी काढत. पेत्रुस क्रिस्तुसच्या १४४६ च्या कार्थुसियन साधूच्या चित्रात चौकटीच्या कडेवर माशी आहे. बघणारा हाकलायला हात उचलतो आणि फसतो. चित्रकारांची चरित्रं लिहिणारा वसारी तर सांगतो की पोरवयातल्या जोत्तोने गुरू चिमाबुएच्या चित्रातल्या नाकावर माशी काढली आणि गुरू ती झटकत बसला. म्हणजे माशी ही 'बघा माझा हात' अशी शेखी. वीस वर्षांच्या पोराने मारावी तशीच.

---

न्युरेंबर्गकर

माझा मुक्काम आयडीत आहेच, तेव्हा पक्षपात आधीच कबूल करतो. तो तरुण म्हणजे आमचा न्युरेंबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर आहे.

१९९३ मध्ये निक मॅकिनन यांनी 'मॅथेमॅटिकल गॅझेट'मध्ये लेख लिहून हे मांडलं. ड्यूररचा जन्म १४७१ चा, १४९४-९५ मध्ये तो व्हेनिसकडे होता, वय २३-२४. आता त्याची स्वतःची चित्रं घ्या. १४९३ चं लूव्रमध्ये, १४९८ चं माद्रिदला. १४९८ च्या चित्रात तोच तोरा, हातात हातमोजे, तिरकं अंग आणि डोळे थेट आपल्यावर. नेपल्सच्या तरुणाशेजारी ठेवून बघा.

शिवाय ड्यूररचं आणि बार्बारीचं नातं लेखी आहे. ड्यूररने नंतर लिहून ठेवलंय की याकोबने आपल्याला मापाने काढलेले स्त्री-पुरुष दाखवले, पण ते कसे केले हे काही सांगितलं नाही, आणि मग आपण स्वतःच शोधायला बसलो. म्हणजे भूमितीचं वेड त्याला या माणसापासून लागलं. मग त्याच 'याको बार'ने त्याला भूमितीच्या गुरूशेजारी उभं केलं, यात काय नवल? आणि पुढे १५१४ च्या 'मेलेन्कोलिया' या छापचित्रात ड्यूरर स्वतः एक भलीमोठी घनाकृती आणून ठेवतो.

---

कॅनव्हासवाली

@न्युरेंबर्गकर, तुमचा युक्तिवाद एका पायावर उभा आहे आणि तो पाय दुसऱ्याच्या गळ्यात आहे. तरुण ड्यूरर असण्यासाठी चित्रकार बार्बारी हवा. बार्बारी गेला की ड्यूररचा धागा तुटतो. आणि 'ड्यूरर तिथे होता म्हणून चित्रकार बार्बारीच' असं म्हणाल तर आपण गोल फिरतोय.

बरं, १४९५ मध्ये ड्यूररला ओळखत कोण होतं? न्युरेंबर्गच्या सोनाराचा मुलगा, नुकतंच लग्न झालेला. पाचोलीशी तेव्हा त्याची भेट झाल्याचा एकही कागद नाही. १५०६ मध्ये तो व्हेनिसहून मित्राला लिहितो की बोलोन्याला जाऊन कुणाकडून तरी गुप्त दृक्-भूमिती शिकायची आहे. तो 'कुणीतरी' म्हणजे पाचोली असं काही जण धरतात, पण नाव पत्रात नाही.

---

न्युरेंबर्गकर

मान्य, साखळी कच्ची आहे. पण त्याच १५०६ च्या पत्रव्यवहारातली एक मजा सांगू द्या. ड्यूरर लिहितो, इथे मास्टर याकोबपेक्षा चांगले चित्रकार बरेच आहेत, पण आन्तोन कोल्ब शपथेवर सांगतो की याकोबसारखा चित्रकार जगात नाही. हा कोल्ब म्हणजे त्या व्हेनिसच्या नकाशाचा प्रकाशक, न्युरेंबर्गचाच व्यापारी. स्वतःचा माल, स्वतः कसा नाव ठेवील!

---

हातचा एक

नमस्कार. निवृत्त गणित शिक्षक, सध्या मुक्काम सांगली. चित्रकलेत गती नाही, पण तरुण हा ग्विदोबाल्दो दा मोन्तेफेल्त्रो, उर्बिनोचा ड्यूक, हे जुनं मत मला अजूनही सगळ्यात सरळ वाटतं. कारणं देतो.

'सुम्मा' ग्रंथ त्यालाच अर्पण केलेला आहे. त्याचा जन्म जानेवारी १४७२ चा, म्हणजे १४९५ ला वय २३. (न्युरेंबर्गकर, तुमच्या माणसाचंही तेच वय. वयावरून निकाल लागणार नाही.) पाचोली स्वतः सांगतो की १४८९ मध्ये रोमला त्याने या ग्विदोबाल्दोला घनाकृतींचे नमुने हातात घेऊन दाखवले होते. चित्रातही नमुनेच आहेत. ग्रंथ अर्पण केला, पुढच्या वर्षी गुरू, ग्रंथ आणि आश्रयदाता एका चौकटीत आले. यात ओढाताण कुठे आहे?

आणखी एक. उर्बिनोचा विद्वान बेर्नार्दिनो बाल्दी याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस गणितज्ञांची चरित्रं लिहिली. त्यात तो म्हणतो की पाचोलीचं चित्र उर्बिनोच्या ड्यूकच्या भांडारात आहे, पुढे त्याचा ग्रंथ आणि वर टांगलेल्या स्फटिकासारख्या घनाकृती. हे वर्णन याच चित्राचं असणार, दुसरं कुठलं असेल? म्हणजे शंभर वर्षांनी ते ड्यूकच्याच घरात होतं.

---

निळीशाई

सर, दंडवत! पण बाल्दीने चित्रकाराचंही नाव दिलंय ना? तो चक्क पिएरो देल्ला फ्रान्चेस्का म्हणतो, एवढा मोठा चित्रकार!

---

हातचा एक

हो, आणि तिथे बाल्दी घसरतो. पिएरो वारला १२ ऑक्टोबर १४९२ ला. (त्याच दिवशी कोलंबसला पलीकडे जमीन दिसली.) छापील 'सुम्मा' १४९४ चा, चिठ्ठी १४९५ ची. मेलेला माणूस चित्र काढत नाही. पण बाल्दी का घसरला ते बघण्यासारखं आहे. पिएरो आणि पाचोली एकाच गावचे, दोघांचं नाव घनाकृतींशी जोडलेलं. पिएरोचं पाच सुसम घनांवरचं (ज्यांची सगळी पृष्ठं एकसारखी असतात ते) पुस्तकही ग्विदोबाल्दोलाच अर्पण केलेलं, आणि पाचोलीने पुढे १५०९ मध्ये 'दिव्य प्रमाण' छापलं तेव्हा त्यात ते इटालियनमध्ये घातलं, मूळ लेखकाचं नाव न घेता. वसारीने त्यावरून त्याला चोर ठरवून सोडलं आहे. त्याच 'दिव्य प्रमाण'साठी घनाकृतींची चित्रं काढली लिओनार्दो दा विंचीने. म्हणजे बिचाऱ्या साधूच्या आजूबाजूला एवढी मोठी नावं उभी आहेत की अनोळखी चित्रकाराला कुणी आत येऊ देत नाही.

---

रोजमेळ

सर, हे वाचून हातातला चहा गार झाला. आमच्या बाबाने चोरीही केली होती?

---

हातचा एक

तुमचा भाग चोरलेला नाही. जमाखर्चाबद्दल तो स्वच्छ सांगतो की ही व्हेनिसची रीत आहे, मी ती मांडतो. शोध लावल्याचा दावा त्याने केलेला नाही, तो आपण त्याच्या गळ्यात बांधलाय.

---

मूळपुरुष

दुहेरी नोंदीची ही जमाखर्चाची रीत आपल्याकडे हजारो वर्षं होती. व्यापाऱ्यांनी तिकडे नेली. हे मात्र कुणी सांगणार नाही.

---

रोजमेळ

@मूळपुरुष, आजोबांच्या चोपड्या मी स्वतः चाळल्यात, वहीखात्याबद्दल आदर तुमच्याइतकाच आहे. पण 'हजारो वर्षं'ला आधार द्या, एक पान दाखवा. नुसत्या सांगण्यावर मी नोंद पास करत नाही.

---

हातचा एक

मूळपुरुष, नाराज होऊ नका. चित्रात आपलं एक आहे, आणि ते पुराव्यानिशी आहे. पाटीवर आकृतीच्या बाजूला एक बेरीज मांडलेली आहे: ४७८, ९३५, ६२१ आणि खाली २०३४. हे अंक भारतातून अरबांमार्फत तिकडे गेले. १२०२ मध्ये पिसाच्या लिओनार्दोने, ज्याला आपण फिबोनाची म्हणतो, ग्रंथाची सुरुवातच 'भारतीयांचे नऊ अंक' सांगून केली. २०३४ मधल्या त्या शून्याकडे बघा. युरोपातल्या चित्रात साधूच्या पाटीवर शून्य बसलंय, आपण दुसरं काय मागायचं?

---

अर्धविराम

आतापर्यंत वाचनमात्र होते, आता राहवलं नाही.

ग्विदोबाल्दोबद्दल शंका. ड्यूकला कुणी साधूच्या मागे, कडेला उभं करील? त्याच्या वडिलांचं, फेदेरिकोचं, उर्बिनोतलं चित्र आठवा. चिलखत, मानाची पदकं, हातात ग्रंथ, आणि गुडघ्याशी छोटा ग्विदोबाल्दो, तोही मोत्यांनी मढलेला. त्या घराण्याला मिरवायची सवय होती. इथे एक खूण नाही, एक शिक्का नाही. कपडे श्रीमंती आहेत, पण व्हेनिसच्या एखाद्या सावकाराच्या मुलाचेही असे असतील. पाचोली तरुणपणी व्हेनिसच्या रोम्पियासी नावाच्या व्यापाऱ्याच्या मुलांना शिकवायचा. तसलंच कुणी नसेल?

---

निळीशाई

@अर्धविराम, ती रोम्पियासी मुलं १४९५ ला चाळिशीच्या घरात पोचली असणार. हा गडी तेवढा नाही. पण 'तसलंच कुणी' हे मला पटतं.

बाकी गंमत बघा, तुम्ही दाखला दिलेलं फेदेरिकोचं चित्रही वादातच आहे. कुणी म्हणतं फ्लँडर्सहून आलेल्या जुस्तुसने काढलं, कुणी म्हणतं स्पॅनिश पेद्रो बेरुगेतेने. आणि फ्लॉरेन्सच्या उफित्झी संग्रहालयातला मोठा ग्विदोबाल्दो राफाएलच्या नावावर आहे, त्यावरही सगळ्यांचं एकमत नाही. आता ज्याच्याशी चेहरा ताडून बघायचा तोच चेहरा नक्की नाही. मी दोन्ही चित्रं फोनवर शेजारी ठेवून बघितली. राफाएलवाला फिकट, खंगलेला, ओठ मिटलेले. संधिवाताने त्याला तरुणपणीच खाल्लं होतं, ३६ व्या वर्षी गेला. नेपल्सवाला टवटवीत. मधे दहा वर्षं धरली तरी मला तो माणूस दिसत नाही. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, 'दोघंही तुझ्या मामेभावासारखे दिसतात.' असो.

---

कॅनव्हासवाली

चेहऱ्यावरून ओळख हा प्रकारच निसरडा आहे. आपण ज्याला शोधतो तो दिसतो.

मला खरा पुरावा जागेचा वाटतो. चित्राचा नायक साधू आहे, यात शंका नको. आश्रयदात्याने पैसे देऊन काढून घेतलेलं चित्र असतं तर मधली जागा त्याची असती, आणि गुरू बाजूला, हात जोडून नसला तरी अदबीने. इथे तरुणाला कोन मिळालाय. म्हणजे चित्राची कल्पना पाचोलीची. युक्लिड त्याचा, ग्रंथ त्याचा, पाटी त्याची. उघडं पान युक्लिडच्या १३ व्या पुस्तकाचं धरतात, तेही त्याच्या आवडीचं, कारण त्यातच सुसम घनांचं बांधकाम येतं. पाटीवर वर्तुळातला समभुज त्रिकोण. ही एका शिक्षकाची जाहिरात आहे आणि शेजारी उभा आहे 'आमचा यशस्वी विद्यार्थी'. क्लासच्या फलकावर असतो तसा.

---

चहाटळ

'पाचोली सरांचे भूमिती वर्ग. मर्यादित जागा. पाणी भरलेली घनाकृती मोफत.'

---

न्युरेंबर्गकर

हाहा. पण फलकावरचा विद्यार्थी बोर्डात आलेला असतो! म्हणजे नाव मोठंच हवं. सरांचा ड्यूक परत आला.

---

हातचा एक

बघा, फिरून घरी आलात.

---

अर्धविराम

त्या काचेच्या घनाकृतीबद्दल कुणी बोलेल का? मी वाचलं होतं की तिच्यात उर्बिनोच्या राजवाड्याचं प्रतिबिंब दिसतं. ते खरं असेल तर ड्यूकच्या बाजूने मोठा पुरावा.

---

निळीशाई

मी नाक लावून बघायला गेले आणि पहारेकरी बाईंनी खाकरून मागे सरकवलं. पृष्ठांवर खिडकीसारखं उजळ काहीतरी आहे, त्यात इमारत आणि आकाश. राजवाडा आहे असं आधी कुणी सांगितलं तर राजवाडा दिसतो. मला आमच्या सोसायटीची बी विंगही दिसली.

---

कॅनव्हासवाली

त्या काचेवर काहींनी 'हे लिओनार्दोनेच काढलं असणार' असंही म्हटलंय. एवढी पारदर्शक वस्तू दुसऱ्या कुणाला जमणार नाही, हा तर्क. लिओनार्दो आणि पाचोली मिलानला एकत्र आले ते १४९६ च्या सुमारास, चिठ्ठीतल्या सालानंतर. शिवाय बर्कलीच्या कार्लो सेकिन यांनी सहकाऱ्याबरोबर ही घनाकृती संगणकावर, प्रकाशाच्या नियमांनी, पाण्यासकट रंगवून बघितली. आकाराची मांडणी चांगली जमलेली आहे. पण खऱ्या काचेत, अर्ध्या पाण्यात प्रकाश जसा वाकेल, मागच्या कडा जशा सरकतील, तसं चित्रात नाही. म्हणजे चित्रकारासमोर बहुतेक पाणी भरलेली काच नव्हतीच, किंवा असली तरी त्याने बरंच मनाने रंगवलं. पाण्यावर हजारो टिपणं लिहिणाऱ्या लिओनार्दोने हे असं सोडलं असतं?

माझ्या मते हे एका हुशार, मेहनती, भूमिती घटवलेल्या आणि जरा आगाऊ पोराचं काम आहे. विसेन्निस. वीस वर्षांचा. चिठ्ठी जे सांगते ते आपण शब्दशः का घेत नाही?

---

रोजमेळ

म्हणजे याको बार नावाचा दुसराच कुणी?

---

कॅनव्हासवाली

का नाही? याकोपो हे नाव तिकडे आपल्या गणपत-विठ्ठलसारखं घरोघरी. 'बार'ने सुरू होणारी आडनावं काय एकच? बार्बारी प्रसिद्ध झाला म्हणून अर्ध्या नावाचा उरलेला भाग आपण त्याच्याच नावाने भरून टाकला.

---

न्युरेंबर्गकर

पण मग या पोराचं दुसरं एकही चित्र नको का? एवढा हात असलेला माणूस एक चित्र काढतो, सही करतो, माशी बसवतो आणि नाहीसा होतो?

---

कॅनव्हासवाली

तापाने जात. प्लेगने जात. दुसऱ्याच्या कार्यशाळेत आयुष्यभर पडदे आणि ढग रंगवत. तुम्ही कधी कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनातली वीस वर्षांपूर्वीची पहिली बक्षिसं काढून बघा. मी बघितलीत, त्यातलं एक माझं आहे. सध्या मी फरशांच्या कंपनीत डिझाइनं करते.

---

निळीशाई

@कॅनव्हासवाली :) पुढच्या कट्ट्याला फरशी घेऊन या, सहीसकट.

धाग्याची सुरुवात केली तेव्हा मी ड्यूकच्या बाजूला थोडी झुकलेली होते. आता चित्रकार अनोळखी, असं मला जवळजवळ पटलंय. तरुणाबद्दल मात्र मी ड्यूररला बाद करून थांबते. ड्यूक असेल, नसेल. @न्युरेंबर्गकर, माफी.

---

न्युरेंबर्गकर

माफी नाही. शनिवारी ड्यूररच्या घरासमोरून जाणार आहे, तेव्हा त्याला विचारून कळवतो. तो १५२१ मध्ये मेखेलनला मार्गारेटकडे गेला होता, याकोबची छोटी वही मागायला. तिने सांगितलं, ती माझ्या चित्रकाराला द्यायचं ठरलंय. पंचवीस वर्षं झाली तरी त्या माणसाचं गुपित हाती लागेना. आपला धागा तर आठवड्याचा आहे.

---

रोजमेळ

सर, सवय म्हणून ती बेरीज तपासली. जुळते.

---

हातचा एक

मी नातीला घातली, तिसरीत आहे. आठ आणि पाच तेरा आणि एक चौदा, चौदाचे चार, हातचा एक. सात, तीन, दोन बारा आणि हातचा एक तेरा, तेराचे तीन, हातचा एक. चार, नऊ, सहा एकोणीस आणि हातचा एक वीस. दोन हजार चौतीस. मग तिने विचारलं, आजोबा, हातचा एक उत्तरात दिसत नाही, तो कुठे जातो? तेवढ्यात चित्र तिच्यापुढे होतं. मागे उभ्या असलेल्या तरुणावर बोट ठेवून म्हणाली, हा का?

---

निळीशाई

सर, आमच्या घरात आता त्या तरुणाचं तेच नाव पडलंय.